एसटी शेडमधला पाऊण तास

प्रश्न थोडक्यात असा. देवगड तालुक्यातलं एक गाव, तिथलं हायस्कूल, आठवी ते दहावी मिळून साठेक मुलं. शाळा पाचला सुटते आणि लांबच्या वाड्यांची एसटी पावणेसहाला येते. मधल्या पाऊण तासात शेडमागे काही मुलं सिगरेट ओढताना आणि काही तंबाखूच्या पुड्या फोडताना दिसली. शाळेने रॅली काढली, शपथ दिली, फरक काही पडला नाही. आता वाडीचं तरुण मंडळ आणि दोन शिक्षक विचारतायत, की मुलांनाच पुढे करून हे थांबवता येईल का, आणि येत असेल तर नक्की काय करायचं.

येतं. फक्त ‘पुढे करून’ या शब्दांपाशी जरा थांबू. बहुतेक ठिकाणी पुढे करणं म्हणजे चार हुशार मुलांच्या छातीवर बिल्ला लावायचा, हातात वही द्यायची आणि ‘कोण ओढतो ते सांगा’ म्हणायचं. आठवडा उलटायच्या आत शेडमागची टोळी सड्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या कातळावर जाते आणि बिल्लेवाल्यांशी कोणी धड बोलत नाही. मित्राचा शब्द लागतो तो मित्राचा आहे म्हणून. त्याला पोलीसपाटील केलात की शब्दाची किंमत गेली. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून ती आधी शिक्षकांना पटायला हवी. मुलांना ती न सांगताच कळलेली असते.

याला आधार आहे. इंग्लंड आणि वेल्समधल्या ५९ शाळांत १२-१३ वर्षांच्या १०,७३० मुलांवर ‘असिस्ट’ नावाचा मोठा प्रयोग झाला; निष्कर्ष २००८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. मुलांनी स्वतः नावं सुचवून आपल्यातलेच साथीदार निवडले. त्यांना शाळेबाहेर दोन दिवस शिकवलं आणि पुढचे दहा आठवडे त्यांनी एकच काम केलं: जेवताना, बसमध्ये, घरी जाताना विषय निघाला की बोलायचं. भाषणं नाहीत, घोषणा नाहीत. त्या शाळांत नियमित ओढण्याची शक्यता साधारण पाचव्या हिश्शाने कमी दिसली. दोन वर्षांनी परिणाम ओसरू लागला होता, हेही लक्षात ठेवा. एकदाच करून सोडून देण्यासारखं हे काम नाही. आपल्याकडे २००४ ते २००६ या काळात दिल्ली आणि चेन्नईतल्या ३२ शाळांत मुलांमधलेच गटनायक घेऊन दोन वर्षांचा कार्यक्रम झाला. जिथे तो राबवला तिथे तंबाखूचा वापर घटला, बाकीच्या शाळांत वाढला.

आधी बघा, मुलं घेतायत काय

सिगरेट नजरेत भरते, कारण धूर दिसतो. महाराष्ट्रात मात्र तंबाखू म्हणजे मुख्यतः गालात धरायची तंबाखू. २०१६-१७ च्या प्रौढांच्या राष्ट्रीय पाहणीत राज्यात बिनधुराची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते, ओढणारे ३.८ टक्के. मुलांसमोर फक्त सिगरेटवर बोलत राहिलात तर त्यांचं उत्तर तयार असतं, ‘मी खय ओढतंय?’, आणि खिशात पुडी असते. २०१९ च्या शाळकरी मुलांच्या पाहणीत देशभरातले १३ ते १५ वयाचे ८.५ टक्के विद्यार्थी कुठली ना कुठली तंबाखू वापरत होते. त्याहून बोचणारा आकडा वेगळाच आहे. ज्यांनी बिनधुराची तंबाखू कधी घेतली होती, त्यांच्यातल्या ५२ टक्के मुलांनी ती दहावा वाढदिवस होण्याआधीच चाखलेली. विडीचं प्रमाण ४७ टक्के, सिगरेटचं ३८. म्हणजे हायस्कूलमध्ये सुरुवात करणं हेच मुळात उशिरा आहे. पाचवी-सहावीची मुलं जवळच्या प्राथमिक शाळेत असतील तर दुसऱ्या वर्षी तिकडे वळा.

तुमच्या शाळेचा आकडा काढायला चिठ्ठ्या पुरतात. एकाच मापाचे कागद, सगळ्यांना निळं पेन, नाव-हजेरी क्रमांक काही नाही. चारच प्रश्न, उत्तर फक्त हो किंवा नाही: गेल्या तीस दिवसांत सिगरेट-विडी ओढलीस का, गुटखा, तंबाखू, मावा किंवा मशेरी घेतलीस का, नुसती सुपारी खाल्लीस का, या काळात कुणी मित्राने देऊ केली का. पाचवा प्रश्न अंदाजाचा: ‘आपल्या शाळेतल्या दर दहा मुलांपैकी किती जण घेत असतील?’

कोकणात इथे एक खास अडचण येते. वर्गात अठरा-वीस मुलं असतात आणि अक्षर सगळ्यांना ओळखता येतं. म्हणून शब्द लिहायला लावू नका, फक्त फुली मारायची. तिन्ही इयत्तांच्या चिठ्ठ्या बिस्किटाच्या एकाच डब्यात टाका, डबा मुलांकडूनच हलवून घ्या आणि मोजणी वर्गशिक्षकाऐवजी बाहेरच्या माणसाकडून करा. वर्गवार आकडा कधीही जाहीर करू नका. अठरा मुलांच्या वर्गात ‘दोघं ओढतात’ म्हटलं की सुट्टी व्हायच्या आत ते दोघं कोण हे ठरलेलं असतं, बहुतेक वेळा चुकीचं.

पाचव्या प्रश्नाचा उपयोग मोठा आहे. मुलांना वाटतं सगळेच घेतात. अंदाज दहात पाचाचा येतो आणि प्रत्यक्षात दहात एकसुद्धा भरत नाही. तसं निघालं तर साथीदारांच्या हाती तेच सर्वांत धारदार हत्यार: ‘अरे, साठातले पंचावन्न घेत नाहीत.’ आकडा उलटा, म्हणजे जास्त निघाला, तर तो फळ्यावर लिहू नका. ‘निम्मे घेतात’ ही उरलेल्या निम्म्यांना जाहिरातच होते.

कोणाला निवडायचं

शिक्षकांनी निवडू नये. शिक्षक निवडतात ती मुलं शिक्षकांना आवडणारी असतात. शेडमागच्यांवर त्यांचा पाव आण्याचाही प्रभाव नसतो. प्रत्येक मुलाला तीन गोष्टी विचारा: तू कोणाचं ऐकतोस, खेळात किंवा नाचात पुढे कोण असतं, अडचण आली तर कोणाला सांगशील. प्रत्येकी कितीही नावं लिहू देत. मुलगे आणि मुली वेगळे मोजा, नाहीतर सगळी नावं कबड्डीच्या संघातली येतात आणि मुलींकडची मशेरी कुणाच्या ध्यानातच येत नाही. ‘असिस्ट’मध्ये सर्वाधिक नावं आलेल्या साडेसतरा टक्के मुलांना बोलावलं होतं. साठाचे ते होतात दहा-अकरा. एखाददुसरं मूल नाही म्हणतं किंवा पालक नकार देतात; नऊ उरले तरी चालतात. लांबच्या प्रत्येक वाडीतला निदान एक असावा, कारण एसटीतले गट वाडीवार बसतात.

या यादीत एक-दोन ओढणारी नावं येणारच, आणि मुख्याध्यापक ती खोडायला बघतील. खोडू नका. त्या मुलाला बाजूला घेऊन एवढंच विचारायचं: सोडून बघायची तयारी आहे का? हो म्हणाला तर तो बाकी आठांपेक्षा उपयोगाचा. नाही म्हणाला तर या खेपेला राहू दे, आणि नाव का वगळलं याची वाच्यता नको. फक्त एक पथ्य कडक पाळा: घेणाऱ्या मुलांचाच वेगळा गट करून ‘सुधारवर्ग’ भरवू नका. अशा गटात मुलं एकमेकांकडून शिकतात ते लपवायचं कसं, एवढंच.

दोन दिवसांचं शिक्षण

शाळेत घेऊ नका. शेजारच्या गावचं समाजमंदिर किंवा ग्रामपंचायतीचं सभागृह घ्या. शनिवार-रविवार, दहा ते चार, दुपारी व्यवस्थित जेवण. जागा बदलली की मुलं विद्यार्थी राहत नाहीत, बोलती होतात. शिकवायला कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेतले दोघं-तिघं मिळाले तर उत्तम. वय अठरा ते वीस, म्हणजे ऐकावंसं वाटण्याइतके मोठे आणि दादा म्हणण्याइतके जवळचे. पालकांची लेखी परवानगी आधी घ्या.

पहिल्या दिवशी माहिती, पण निवडक. काळ्या फुप्फुसांची चित्रं नकोत. पुडीच्या वेष्टनावर २०१६ पासून ८५ टक्के जागेत इशारा आणि भीती घालणारं चित्र छापलेलं असतं आणि मुलं ते रोज बघतात. पंधरा वर्षांच्या मुलाला चाळिशीतला कॅन्सर म्हणजे दुसऱ्याची गोष्ट. त्याला आजचं सांगा. दिवसाला दहाच्या दोन पुड्या म्हणजे महिन्याला सहाशे, वर्षाला सात हजार तीनशे. टेनिस क्रिकेटची चांगली बॅट कितीला येते ते मुलं स्वतःच सांगतात. ओढलेल्या धुरातलं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. वाढत्या वयातला मेंदू त्याला लवकर सरावतो, म्हणून ‘कधीतरी एखादी’ हे या वयात फार काळ टिकत नाही.

तंबाखूत चुना का मळतात, हे मात्र प्रयोग करून दाखवा. गाळणीच्या किंवा साध्या पांढऱ्या कागदावर हळदीचं पाणी लावून वाळवा, त्यावर ओल्या चुन्याचं बोट टेकवा. पिवळ्याचं लालभडक होतं. हळद आणि चुन्यापासून कुंकू होतं हे घरात माहीत असतं, पण त्याचा तंबाखूशी संबंध कुणी लावलेला नसतो. चुना अल्कधर्मी, त्याच्यामुळे निकोटिन मोकळं होतं आणि गालाच्या आतल्या कातडीतून झपाट्याने रक्तात उतरतं. चुना मळणारा माणूस नकळत मात्रा वाढवत असतो. तंबाखू आणायची गरज नाही. हळद, चुना, कागद एवढंच, आणि हात लगेच धुवायचे.

दुसरी गोष्ट, राग. मुलांना भीती दाखवून काही होत नाही, पण आपल्याला कुणी बनवतंय हे कळलं की ती पेटतात. सिनेमातले नट ‘वेलची’ची जाहिरात करतात ती नेमकी कशाची असते? राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, मग पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत, दोन्ही शेजारी-शेजारी का लटकतात? एवढे दोन प्रश्न टाका आणि गप्प बसा. अर्धा तास मुलंच बोलतात.

दुसरा दिवस पूर्ण सरावाचा, आणि खरं शिक्षण तेच. तिघातिघांचे गट करा: एक देणारा, एक नको म्हणणारा, तिसरा बाजूला उभा. जागा शेड समजा, पाऊस पडतोय, बाहेर जाता येत नाही. मालवणीतच बोलू द्या; पुस्तकी मराठीत दिलेला नकार शेडमध्ये कुणी उच्चारणार नाही.

‘रे, एक झुरको मार.’
‘नको माका.’
‘घाबरलंस काय?’
‘व्हय, घाबरलंय. चल, गाडी इली काय बघूया.’

ही चौथी ओळ बघा. ‘घाबरलंस काय’ हा टोमणा चालतो तो समोरचा ‘मी? छट्!’ म्हणतो म्हणून. मग सिद्ध करायला हातात सिगरेट घ्यावी लागते. ‘व्हय’ म्हटलं की पुढे बोलायला काही उरत नाही. लगेच पाय हलवायचे, हेही तितकंच महत्त्वाचं. तिथेच उभं राहून नाही-नाही करणारा दहा मिनिटांत वाकतो. कारणं देऊ नयेत. ‘आई ओरडते’ म्हटलं की आईवर चर्चा सुरू.

पण जास्त वेळ तिसऱ्यावर घालवा. नकार देणारा एकटा असला की तो गटाबाहेर पडतो. बाजूचा नुसतं ‘सोड रे तेका, नको म्हणता मा’ म्हणाला की पारडं फिरतं. साथीदारांचं मुख्य काम हा तिसरा होणं. प्रत्येकाने तिन्ही भूमिका निदान पाच-पाच वेळा कराव्यात. पहिल्या दोन खेपांना हसण्यात वेळ जातो, तो जाऊ द्या. चौथ्या-पाचव्या खेपेला वाक्यं स्वतःची होतात.

शेवटच्या तासात हद्द आखून द्या. नावं कोणाला सांगायची नाहीत, शिक्षकांनाही नाहीत. याला अपवाद मोजके: गांजा किंवा दारू देणारा मोठा माणूस, घरची मारहाण, ‘जगायचं नाही’ असं कुणी बोलणं. हे एकट्याने पोटात ठेवायचं नाही; कोणत्या एका मोठ्या माणसाला सांगायचं ते नावानिशी आधी ठरलेलं असावं. लहान मुलांसाठीचा १०९८ हा मोफत नंबरही लिहून द्या.

पुढचे दहा आठवडे प्रत्येकाकडे छोटी वही. तारीख, जागा, विषय कसा निघाला, काय बोललो. समोरच्याचं नाव लिहायचं नाही. आठवड्याला दोन-तीन बोलणी झाली तरी भरपूर. दर पंधरवड्याला शिकवणाऱ्यांनी अर्धा तास भेटायचं, वही तपासायला नव्हे, अडलेलं सोडवायला. साधारण तिसऱ्या आठवड्यात उत्साह बसतो, वह्या कोऱ्या येतात. तेव्हा मुलांना बोल लावायचा नाही; पुन्हा तिघांचा खेळ घ्यायचा.

तो पाऊण तासच काढून टाका

मुलांनी कितीही छान नकार दिला तरी रोज पंचेचाळीस मिनिटं रिकाम्या शेडमध्ये बसवणं ही मोठ्यांची चूक आहे. मुख्याध्यापकांचं पत्र, पास असलेल्या मुलांची यादी आणि पालकांच्या सह्या घेऊन आगार व्यवस्थापकांना भेटा. फेरी वीस मिनिटं अलीकडे येऊ शकते का विचारा. नुसत्या तोंडी मागणीला उत्तर मिळत नाही, यादीला मिळतं. वेळ बदलली नाही तर शाळेचं मैदान आणि एक वर्ग साडेपाचपर्यंत उघडा ठेवा: व्हॉलीबॉलचं जाळं, दोन कॅरम. पावसाळ्यात वर्गच लागतो. कोण थांबणार, हा वाद होईल. मंडळाच्या पाच जणांनी वार वाटून घ्यावेत.

टपरी

टपरीवाला परका नसतो. पलीकडच्या वाडीतला कुणाचा तरी मामा असतो, आणि गणपतीत त्याच्याच घरी भजनाला जायचं असतं. म्हणून पहिली भेट तक्रारीची नको. दुपारी तीनच्या सुमारास, गिऱ्हाईक नसताना, मंडळाचे दोघं मोठे आणि हवं तर दोन साथीदार.

कायदा पाठ असू द्या, पण आधी फेकू नका. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या कलम ६ प्रमाणे अठरा वर्षांखालच्याला विक्री करता येत नाही, आणि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांत कोणालाच विकता येत नाही. दंड दोनशे रुपयांपर्यंत. ‘अठरा वर्षांखालील व्यक्तीस विक्री दंडनीय’ असा ६० गुणिले ३० सेंटिमीटरचा फलक लावणंही त्याच्यावर बंधनकारक आहे. सुटी, म्हणजे पाकीट फोडून एकेक, सिगरेट-विडी विकायला राज्यात २०२० पासून मनाई आहे, आणि पोराच्या हातात पडते ती सुटीच. दोनशेच्या दंडाला कोणी भीत नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७७ मात्र वेगळं: मुलाला तंबाखू दिली तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. हे शांतपणे, एकदाच सांगावं. ई-सिगरेट २०१९ च्या कायद्याने पूर्णच बंद आहे, वयाचा प्रश्नच नाही. समुद्रावर येणाऱ्या पर्यटकांमुळे ती किनाऱ्याच्या गावांत दिसू लागते.

१०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. ते रस्त्याने मोजायचे नसतात. शाळेच्या कुंपणाच्या किंवा गडग्याच्या बाहेरच्या कडेपासून सरळ रेषेत, चारी बाजूंनी मोजायचे. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं. वळणाच्या रस्त्याने दीडशे मीटर लांब वाटणारी टपरी पाखाडीने, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेने, साठ मीटरवर निघते. शाळेच्या मैदानी खेळांच्या पेटीतली ३० मीटरची टेप तीनदा टाका, वर १.४४, मध्ये घळ किंवा घर असेल तर मोबाईलच्या नकाशावर अंतर मोजा. मोजणी मुलांना करू द्या, त्यांना ती मनापासून आवडते. पिवळी रेघ मात्र पाऊस गेल्यावर, ऑक्टोबरात मारा. जूनमध्ये मारलेली गणपतीपर्यंत पुसट झालेली असते.

मुलांना नकली गिऱ्हाईक बनवून टपरीवर पाठवू नका. पुरावा मिळेल, पण त्या मुलाला गावात राहायचं आहे. दोनदा सांगूनही विक्री चालू राहिली तर तक्रार मोठ्यांच्या सहीने, मुख्याध्यापकांमार्फत पोलीस ठाण्याकडे आणि जिल्हा रुग्णालयातल्या तंबाखू नियंत्रण कक्षाकडे.

घर, मशेरी आणि सुपारी

आजी सकाळी तव्यावर मशेरी भाजते, बाबांच्या खिशात विडी. साथीदारांना घरच्यांवर सोडू नका. पोराने आजीला उपदेश केला की संध्याकाळी सगळं घर कार्यक्रमाच्या विरोधात. एकच लहान मागणी पुरते: ‘आम्हाला दुकानावर पुडी आणायला पाठवू नका.’ कायद्याने ती विक्री तशीही चुकीचीच. मुलाच्या हातून पुडी जायची थांबली की ओळखीची वाट एक कमी होते, आणि टपरीवाल्याची ‘बापाशीनं सांगल्यान’ ही सबबही जाते.

सुपारीचं अवघड आहे. बागायत तिच्यावर चालते, पूजेत ती लागते, पाहुण्याला ती देतात. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारी तंबाखूशिवायही कॅन्सरकारक ठरवली आहे. सतत चघळली तर गालाची आतली कातडी आखडते, तिखट आमटीने आग होते, आणि तोंड हळूहळू मिटत जातं. तर्जनी, मधलं आणि अनामिका ही तीन बोटं एकावर एक उभी धरून दातांच्या मध्ये जातात का, हे बघायचं. ही चाचणी वर्गात घेऊ नका. ज्याची दोनच जातात तो सगळ्यांदेखत उघडा पडतो. घरी आरशासमोर करायला सांगा. तीन बोटं जात नसतील, किंवा तोंडातला पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत बरा होत नसेल, तर दंतवैद्याकडे किंवा जिल्हा रुग्णालयात. बागायतदाराच्या मुलाला ‘तुमची सुपारी विष’ म्हणायची गरज नाही. पूजेची सुपारी आणि दिवसभर गालात असलेली सुगंधी सुपारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं पुरे.

ज्याला सोडायची आहे

साथीदार समुपदेशक नाही. त्याने तीन गोष्टी कराव्यात: ऐकून घ्यावं, सोडायचा दिवस ठरवायला मदत करावी, पुढचा दरवाजा दाखवावा. तो दरवाजा म्हणजे राष्ट्रीय क्विटलाईन १८००-११-२३५६, मोफत. शिवाय सरकारी दवाखान्यातलं किशोरांसाठीचं मैत्री क्लिनिक. निकोटिनचं च्युइंगगम अठराखालच्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

पहिले तीन दिवस सर्वांत वाईट. चिडचिड, झोप नीट नाही, अभ्यासात लक्ष नाही. दोन ते चार आठवड्यांत बरंचसं निवळतं. तलफ लाटेसारखी येते आणि पाच-दहा मिनिटांत ओसरते. तेवढ्या वेळासाठी तोंडात काहीतरी हवं: बडीशेप, मिठातला आवळा, आमसुलाचा तुकडा, किंवा सरळ दात घासून यावं. इथे हमखास होणारी चूक म्हणजे तंबाखू सोडून सुपारी धरणं. मित्रच ती काळजीने देतात. आणि मुलाने आठव्या दिवशी पुन्हा ओढली तर ‘गेलं वाया’ म्हणू नये. कुठे, कोणाबरोबर, किती वाजता एवढं विचारलं की पुढच्या वेळची तयारी होते.

तारखा

३१ मे हा जागतिक तंबाखूविरोधी दिन आपल्या शाळांना निरुपयोगी. शाळा बंद, मुलं आंब्यात नाहीतर मुंबईत. पण दुसऱ्याच दिवशी, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि खलाशी घरी येतात. किनाऱ्यावरच्या गावात सुट्टीत होडीवर जाणारी सोळा-सतरा वर्षांची मुलं असतात, त्यांच्या हातात वाट्याचे पैसे येतात. होडीवर विडी भिजते, हात ओले, म्हणून तिथे तंबाखूच जास्त चालते, रात्री जागायला म्हणून. ही मुलं शाळेच्या साथीदारांचं ऐकणार नाहीत. विशीतल्या, तंबाखू न खाणाऱ्या खलाशाचं ऐकतील, आणि तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, काय म्हणतो ते ऐकतील. बंदीच्या दोन महिन्यांत जाळी दुरुस्त करायला बसलेले असतात, तेव्हा जाऊन बोला.

शाळेचं वेळापत्रक असं बसतं: चिठ्ठ्या आणि निवड जूनअखेर, शिक्षण जुलैत, म्हणजे गणपती येईपर्यंत सराव झालेला असतो. गणपती हा खरा जोखमीचा काळ. चाकरमानी भाऊ येतात, रात्रभर भजनं, आरत्या, पत्ते, आणि ‘घे रे, मोठो झालंस’ म्हणत पहिली सिगरेट हातात येते. देणारा पंचविशीचा आणि लाडका असतो. त्याला शेडमधला नकार चालत नाही. इथे मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाला आधी फोन करा: या वर्षी लहानांना कोणी देणार नाही, एवढा निरोप त्यांच्याच ग्रुपवर, त्यांच्याच माणसाने टाकायचा. शिमग्याआधी पुन्हा.

फरक पडला का, हे कसं कळणार

रॅलीतली डोकी मोजू नका. पुड्या मोजा. शेडमागे, शाळेच्या स्वच्छतागृहांच्या मागे आणि जेटीवर किंवा सड्यावर अशा तीन जागा निवडा. प्रत्येकी दहा बाय दहा फुटांचा चौकोन, कोपऱ्यांना चिरे. दर शनिवारी चिमट्याने पुड्या आणि थोटकं वेगवेगळी उचलून मोजायची आणि जागा साफ करायची. मुसळधार पावसात सगळं वाहून जातं, म्हणून जुलै-ऑगस्टचे आकडे धरू नका. सप्टेंबरअखेर ते फेब्रुवारी धरा. शेडमागचा आकडा घटला आणि सड्यावरचा वाढला, तर मुलं थांबली नाहीत, नुसती हलली. बहुधा कुणीतरी पहारा सुरू केलेला असतो, तो शोधून बंद करा.

चिठ्ठ्या पुढच्या जूनमध्ये त्याच पद्धतीने पुन्हा. साठांच्या शाळेत दोन मुलांनीही टक्का तीनाहून जास्त हलतो, म्हणून पहिल्या दोन प्रश्नांवर नाचू नका की रडू नका. चौथा प्रश्न बघा, ‘कुणी मित्राने देऊ केली का’. तो आकडा आधी खाली येतो. दहावीचे साथीदार मार्चमध्ये शाळा सोडून जातात आणि नवी आठवी जूनमध्ये येते, तेव्हा चिठ्ठ्यांचा डबा काढाल त्याच दिवशी निवडीचे तीन प्रश्नही देऊन टाका.